जे एकत्र कधी वाजलंच नाही

सध्या मी ज्या गाण्याचं मिक्सिंग करतोय, त्यात चार पोरं एकाच खोलीत, एका दमात वाजवताना ऐकू येतात. ड्रमवर काठी पडते त्याच क्षणी बेसची जाड तार हलते, गिटार वर चढते आणि गाणारा श्वास घेऊन आत येतो. हा क्षण प्रत्यक्षात कधी आलाच नाही. ड्रम वाजले हिंगोलीबाहेर शेतातल्या एका आखाड्यावर, दिवाळीनंतर. बेस आणि गिटार माझ्या माडीवर, भिंतींना गोधड्या टांगून, तेही वेगवेगळ्या रात्री. गळा भरला त्याच्या कितीतरी नंतर, गाणाऱ्या पोराची परीक्षा संपल्यावर. या गाण्यासाठी ड्रमवाला आणि गाणारा एकमेकांसमोर एकदाही उभे राहिले नाहीत.

माझा धंदा साउंड सर्व्हिसचा. लग्नं, सभा, जयंत्या आणि सगळ्यात जास्त हरिनाम सप्ताह. नरसी, औंढा, सेनगाव, कळमनुरी, वसमत, सगळ्या बाजूंनी माझे स्पीकर उभे राहिले आहेत. रॉकची पोरं माझ्याकडे आली ती माझ्याकडे मिक्सर आणि बरे माईक आहेत म्हणून. मुंबईच्या अभंग रिपोस्टसारख्या बँडने अभंगांना इलेक्ट्रिक गिटारची साथ दिली, ते या पोरांना आवडतं. पण ही स्वतःचं लिहितात. हे गाणं कयाधू नदीवर आहे, उन्हाळ्यात तिच्या पात्रात जे उरतं त्यावर.

आमच्या सप्ताहातले एक विणेकरी आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी हेडफोन लावून हे गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे वाजवलं कुठं?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी हे घडलंच नाही. न घडलेलं घडलं म्हणून लोकाला ऐकवायलास की रं तू. ह्याला खोटं म्हणावं का नाही?"

आबांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. विणा गळ्यात असताना ती खाली ठेवायची नाही, दुसऱ्याच्या गळ्यात गेल्यावरच आपण बाजूला व्हायचं, असा नेम आयुष्यभर पाळलेल्या माणसाचा हा प्रश्न. नाद अखंड राहिला पाहिजे, आणि तो खराच अखंड राहिला पाहिजे. मी तर तुकडे जोडून अखंड केलेला नाद त्यांच्या कानाला लावला होता.

पहिल्यांदा मला सुचलं ते असं, की रेकॉर्डिंग जसं घडलं तसं कधीच नव्हतं. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जानच्या गाण्याच्या तबकड्या केल्या. तेव्हा माईक नव्हता, भोंगा होता. तोंड भोंग्यात घालून जोरात गायचं, साथीदारांनी मागे सरकून बसायचं. कोण किती ऐकू येणार हे तो भोंग्यापासून किती लांब आहे यावर ठरायचं. घटकाभर रंगणारी चीज तीनेक मिनिटांत आटोपायची आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत पुकारायचं. असं गाणं कुठल्या मैफिलीत झालं होतं? १९२५ च्या सुमारास विजेचं रेकॉर्डिंग आलं तेव्हा गायकाला कुजबुजता येऊ लागलं, आणि कुजबुज अख्ख्या वाद्यवृंदावर ऐकू येऊ लागली. तीही कुठल्या सभागृहात ऐकू आली नसती. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत लेस पॉल याने एकट्याने वाजवलेल्या आठ गिटारी एकावर एक चढवून तबकडी काढली. आठ जणांचा मेळा, आणि माणूस एक.

पण सगळेच असं करत आले म्हणून ते खरं ठरत नाही. हे उत्तर मी आबांना दिलंच नाही.

त्यापेक्षा ड्रमच्या माईकने मला जास्त शिकवलं. स्नेअर ड्रमला दोन माईक लावतात, एक वरच्या कातड्यावर आणि एक खालून, जिथे तारांची जाळी झणझणते तिथे. काठी पडली की कातडं खाली जातं. वरच्या माईकपासून ते लांब जातं, खालच्या माईककडे येतं. दोन्ही माईक आपापल्या जागेवरून जे झालं तेच लिहून घेतात. आता हे दोन्ही आवाज एकत्र करा. एकाची लाट वर असते तेव्हा दुसऱ्याची खाली, आणि दोघं मिळून आवाजाचा गाभाच खाऊन टाकतात. ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ वाजतो. दोन साक्षीदार, दोघेही प्रामाणिक, आणि त्यांच्या बेरजेत घटना नाहीशी होते. मिक्सरवर एक बटण असतं, एका माईकची लाट उलटी करणारं. ते दाबलं की ड्रम पुन्हा उभा राहतो. म्हणजे एका खऱ्या साक्षीला उलटं केल्यावर सत्य ऐकू येतं.

यावरून मला शिरडशहापूर आठवतं. औंढ्याच्या तालुक्यातलं हे गाव मल्लिनाथाच्या जैन मंदिरासाठी ओळखलं जातं. जैनांचा अनेकान्तवाद सांगतो की वस्तूला अनंत बाजू असतात आणि कुठलंही विधान एका बाजूनेच खरं असतं, म्हणून प्रत्येक विधानाआधी 'एका अर्थी' असं गृहीत धरावं. ही शिकवण सगळ्यांचंच थोडं थोडं खरं अशा समजुतीच्या स्वरात सांगितली जाते, तेव्हा ती फार मवाळ होऊन जाते असं मला वाटतं. स्नेअरचे दोन माईक जास्त कठोर गोष्ट सांगतात: प्रत्येक साक्ष कुठे उभी राहून दिली आहे हे कळल्याशिवाय साक्षींची बेरीज करू नका. बेरीज करणाऱ्याला जागा माहीत हवी. ड्रम भरले तेव्हा मी तिथे होतो, माईक माझ्या हाताने लावले होते, म्हणून बटण कुठलं दाबायचं ते मला माहीत आहे.

औंढ्याच्या जवळ, दुधाळा परिसरात, जगातला एक विलक्षण कान उभा राहायचा आहे. लायगो-इंडिया, गुरुत्वीय लहरी ऐकणारं यंत्र. २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेसरचा प्रकाश, आणि अवकाशच ताणलं-आकसलं तर होणारा प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढा फरक मोजायचा. जमीन शांत हवी म्हणून आमचा भाग निवडला गेला. अमेरिकेतल्या अशा दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर पकडली: एकशे तीस कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. लहर आधी लिव्हिंगस्टनला आली, सुमारे सात मिलिसेकंदांनी तीन हजार किलोमीटर दूरच्या हॅनफर्डला. एकाच ठिकाणी आली असती तर शास्त्रज्ञांना तिच्यावर विश्वास ठेवणं जड गेलं असतं. ट्रकसुद्धा जमीन हलवतो. दोन लांबच्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी, एकच गोष्ट ऐकली गेली म्हणून ती खरी मानली गेली. आणि मग लोकांना ती ऐकवताना त्यांनी काय केलं? मूळ कंपनं इतकी खालची होती की आपल्या कानाला जेमतेम जाणवावीत. म्हणून आधी ती जशीच्या तशी वाजवली, आणि नंतर वरच्या पट्टीत सरकवून. दुसऱ्या वेळी पाखराच्या किलबिलीसारखा चढता आवाज स्पष्ट येतो. त्यांनी आवाज बदलला, आणि बदलला आहे हे सांगितलं. त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

इथे मला माझ्या उत्तराची वाट सापडली. आवाज बदलला की नाही, घटना एका वेळी घडली की नाही, यावर खरंखोटं ठरत नाही. ते ठरतं ऐकण्यावर.

आमचं गाणं कसं तयार झालं ते नीट पाहा. ड्रमवाल्याने कानात गिटारचा कच्चा ट्रॅक घेऊन वाजवलं. त्याला आम्ही गाईड म्हणतो. गिटारवाल्याने पुढे ड्रम ऐकून आपली खरी गिटार भरली. बेसवाल्याने दोघांना ऐकलं. गाणाऱ्याने सगळ्यांना. मुखड्याच्या तोंडाशी ड्रमवाला किंचित मागे राहतो, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा, कारण कच्च्या ट्रॅकवर गिटारवाल्याने तिथे तार ओढली होती आणि ड्रमवाला त्याची वाट पाहत होता. बेसवाल्याने ती वाट पाहणं ऐकलं आणि तोही थांबला. गाणारा त्या फटीत श्वास घेतो. प्रत्येकाने आपल्या आधीच्याला उत्तर दिलं आहे. काळ वेगळा होता, संगत खरी होती.

मी ज्यावर काम करतो त्या रीपर सॉफ्टवेअरमध्ये सगळे ठोके रेघेवर ओढून बसवण्याची सोय आहे. एक आज्ञा दिली की ड्रमचा प्रत्येक ठोका गणिताच्या वेळेवर. बँडमधल्या एकाला तसंच हवं होतं; बाहेरच्या बँडची गाणी अशीच घट्ट वाजतात म्हणाला, आणि ते खरंच आहे. मी करून ऐकवलं. मुखडा घट्ट झाला, पण वाट पाहणं गेलं. बेसवाला आता कोणासाठी थांबतोय ते कळेना, त्याचं थांबणं चूक वाटायला लागलं. मग त्यालाही रेघेवर ओढायचं, मग गाणाऱ्याचा श्वास आखडायचा. मला लबाडी इथे सुरू होते असं वाटतं. तुकडे जोडण्यात ती नाही. एकाने दुसऱ्याला ऐकल्याची खूण पुसून, तरी दोघे एकत्र आहेत असं भासवण्यात आहे. मी सगळे ठोके परत होते तिथे नेऊन ठेवले.

प्रतिध्वनीचंही तसंच. आज कुठल्याही जागेचा प्रतिध्वनी उचलून आणता येतो: तिथे एक टाळी वाजवायची, ती विरताना रेकॉर्ड करायची, आणि त्यावरून सॉफ्टवेअर कुठलाही आवाज त्या जागेत नेऊन ठेवतं. औंढ्याच्या नागनाथाच्या दगडी मंडपातली टाळी मनात येणारच. गोधड्यांच्या खोलीत गायलेला गळा हेमाडपंती दगडांमध्ये नेऊन ठेवता येईल. मी ते करणार नाही. देव कोपेल अशी भीती मला नाही. गाणारा पोरगा त्या मंडपात उभा राहून गायला नाही. तिथल्या दगडांनी त्याला काही परत दिलं नाही आणि त्याने ते ऐकून आपला सूर बदलला नाही. मोठ्या जागेत गाणारा माणूस आपोआप सावकाश गातो, आधीचा शब्द विरायची वाट बघतो. आमच्या पोराने तसं केलेलं नाही. त्याच्या गळ्याला मी आखाड्यावरच्या विहिरीचा घुमारा दिला. त्या विहिरीच्या काठावर तो लहानपणापासून ओरडत आलाय, आणि या गाण्याची चालही त्याने तिथेच बांधली.

औंढ्याची कथा इथे सांगितली पाहिजे. नामदेव महाराज मंदिरासमोर कीर्तन करत होते, त्यांना तिथून उठवलं गेलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. आमच्याकडे लहान पोरही ही कथा सांगतं, आणि नंदी मंदिरामागे का, याचंही कारण हेच सांगतं. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यांतल्या एका पदातही देऊळ फिरल्याचा हा प्रसंग येतो. कथेत देव काही बोलत नाही. उठवणाऱ्यांना शिक्षा करत नाही, नामदेवांना आत बोलावत नाही. तो फक्त तोंड वळवतो, ऐकायला. इतक्या वर्षांत मी माईक लावून ही कथा असंख्य कीर्तनांत ऐकली, आणि मला वाटतं हा सबंध परंपरेचा सगळ्यात धीट विचार आहे: देवपण म्हणजे ऐकण्यासाठी जागा बदलणं.

नामदेवांच्या गाथेचंही आमच्या गाण्यासारखंच झालं आहे. नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. त्यांच्या नावाची मुद्रा लावून पुढच्या शतकांत इतरांनीही अभंग रचले. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग त्यांत मिसळलेले आहेत आणि अभ्यासक ते वेगळे करत बसले आहेत. अभ्यासकांचं काम मोलाचं, कोणता माईक कुठे होता हे कळलंच पाहिजे. पण शतकांनंतर कुणी एकाने नामदेवांना ऐकून त्यांच्याच नावाने उत्तर दिलं, हे मला फसवणूक वाटत नाही. तो ऐकत होता.

मास्टरिंगला येतो. मिक्स संपलं की हातात फक्त दोन वाहिन्या उरतात, डावी आणि उजवी. आता एकट्या गळ्याला हात लावता येत नाही. गळ्याची पट्टी उचलली तर त्याच पट्टीतली गिटारही उचलली जाते. आणि इथे प्रत्येकाचा एकच आग्रह असतो, मोठं कर. लिमिटर नावाचं यंत्र उंच टोकं दाबतं, मग सगळं वर उचलता येतं. २००८ मध्ये मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' असा दाबून काढला की सीडीवर आवाज फाटला. तीच गाणी 'गिटार हिरो' या खेळात कमी दाबलेली होती आणि चाहत्यांना तीच बरी वाटली. आता स्पॉटिफायसारख्या जागा साधारण उणे १४ लफ्स या मोठेपणाच्या पातळीला सगळ्यांना आणून ठेवतात. दाबून मोठं केलेलं गाणं ते पुन्हा खाली ओढतात, दाबल्याचं नुकसान मात्र तसंच राहतं.

आवाज न दाबता कसा सांभाळला जातो, हे मी सप्ताहात रोज पाहतो. टाळांना मी माईक लावत नाही. चाळीस जोड्या टाळ सगळ्या माईकमध्ये शिरतातच. कीर्तनकार निरूपण करू लागले की टाळ आपोआप थांबतात. कुणी खुणावत नाही, टाळकऱ्यांना शब्द ऐकायचा असतो म्हणून. मग चाल लागते, टाळ उसळतात, मृदंग त्यांच्या वर येतो, आणि महाराज मागे होतात. शंभर माणसं स्वतःच स्वतःचं मिक्सिंग करतात. तिथे लिमिटर लावला तर निरूपण आणि गजर एकाच उंचीचे होतील, म्हणजे ऐकण्यासाठी कोणी गप्प बसलं होतं हे कळणारच नाही. म्हणून मी या गाण्यात गिटारवाल्याचं न ऐकता टोकं मोकळी ठेवली आहेत. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी शेजारच्या शेतातल्या मोटारीची घरघर आहे. रात्री थ्री फेज आली की मोटारी सुरू होतात आणि आमचे ड्रम तेव्हाच भरले जात होते. पन्नास हर्ट्झची गुणगुण मी कापली, तिने बेस झाकला जात होता. घरघर राहू दिली. ड्रमवाला तिच्यावर हलकेच काठ्या मोजतोय.

हे सगळं मी आबांना सांगितलं, जमेल तसं. त्यांनी मान डोलावली आणि मग बरोबर तिथे बोट ठेवलं जिथे माझं उत्तर कच्चं होतं. "ड्रमवाल्यानं ज्याला ऐकलं, ती कच्ची गिटार कुठाय?"

ती नाही. खरी गिटार भरल्यावर गाईड बंद करतात. ऐकणाऱ्याला ती कधीच ऐकू येणार नाही. सगळ्या गाण्याचं थांबणं, पुढे होणं, ज्याच्याकडे बघून ठरलं, तोच गाण्यात नाही.

"मंग आमचं न तुमचं एकच की," आबा म्हणाले. "कयाधूच्या पोटात प्रल्हाद नारदाचं ऐकत व्हता. दिसला का त्याला नारद?" नदीवर गाणं केलं आणि नदीचं नाव जिचं, ती प्रल्हादाची आई मला सुचली नव्हती, त्यांना सुचली. भक्त ज्याला उत्तर देतो तो ऐकू येत नाही, पण भक्ताच्या चालण्यात त्याचा ठेका दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

मला ते पटतं, आणि पूर्ण पटत नाही. गाईड कुणी वाजवला ते मला माहीत आहे. त्या पोराचं नाव, त्याची गिटार, तार ओढण्याची त्याची सवय. तो ट्रॅक संगणकात आहे, उघडून ऐकता येतो. भक्ताला तसं उघडून दाखवता येत नाही. आबा म्हणतात, ते फक्त मिक्स करणाऱ्याला दाखवता येतं, वाजवणाऱ्याला नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एक अडचण आहे, ती मी आबांपुढे अजून मांडलेली नाही. २०२३ मध्ये बीटल्सचं 'नाऊ अँड देन' आलं. जॉन लेननने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरी कॅसेटवर भरलेला गळा, पियानोत अडकलेला. संगणकाने तो सोडवून वेगळा केला. जॉर्ज हॅरिसनची गिटार १९९५ ची. लेनन १९८० मध्ये गेला, हॅरिसन २००१ मध्ये. उरलेल्या दोघांनी त्यांना ऐकून वाजवलं. माझ्या कसोटीवर ते खरं ठरतं. पण आता कुणालाही न ऐकलेला गळाही यंत्र तयार करतं, आणि त्यातली फटसुद्धा अशी बेमालूम असते की कोणी वाट पाहिली असं वाटावं. ते ऐकणाऱ्याला कळणार नाही. मग माझी कसोटी कानाची नाहीच, ती माझ्या साक्षीवर उभी आहे: मी तिथे होतो, मी माईक लावले होते. शेवटी विश्वास माणसावर ठेवावा लागतो, आवाजावर नाही, हे मला मान्य करावं लागतं आणि ते मला जड जातं.

पुढचं गाणं आम्ही वेगळ्या पद्धतीने भरणार आहोत. ड्रम आणि गिटार आखाड्यावर समोरासमोर, गाईडशिवाय. गिटार ड्रमच्या माईकमध्ये शिरेल, ड्रम गिटारच्या. नंतर एकाला कमी करायला गेलो तर दुसराही कमी होईल, मिक्सिंगमध्ये माझे हात बांधले जातील. पोरं कुरकुरतायत. आबांना मी माईक लावायच्या दिवशी बोलावलं आहे, आणि ते येतो म्हणाले आहेत, पेरणी आटोपली तर.